मिठाचा विषय

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात साठ माणसं जेवायची, आणि त्या साठांवर एकटे कॅन्टीनचे आचारी संशय घ्यायचे. तोंडावर सगळे त्यांना 'काका' म्हणत, पाठीमागे 'फौजदार'. वाढून झालं की फौजदार खिडकीशी उभे राहत आणि परत आलेलं एकेक ताट निरखून बघत. कुणी टाकलं, किती टाकलं, का टाकलं. ताटात बटाटा उरला तर त्यांच्या जिवाला लागे, आणि काहीच उरलं नाही तर शंका जास्तच वाढे.

शंकेला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला, आठवड्यात उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. आज परत येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. मग वाट पाहणं सोडलं आणि लपवायला लागले. मीठ मापाने, तेही जास्त पडेल या भीतीने हात आखडून, मसाला मापाने, आणि करपतंय की काय ते धुराच्या रंगावरून. घरी फक्त सुनेला माहीत होतं. कारखान्यात कळलं असतं तर संपलंच. चव न कळणारा आचारी कोण ठेवून घेतो? निवृत्तीला अजून चार वर्षं होती आणि स्वयंपाकाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

अशात एका सोमवारी तपासनीस बाई खिडकीशी आल्या. घासलेली काच उजेडात धरून ओरखडा शोधायचा, हे त्यांचं काम. त्या हसत म्हणाल्या, की यंदाच्या वार्षिक समारंभात आम्ही तुम्हाला रोस्ट करणार आहोत, नाही म्हणायचं नाही.

फौजदारांनी उभ्या जन्मात पोत्यांनी बटाटे रोस्ट केले होते. माणूस रोस्ट होतो हे नवीन होतं. संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं. तिने समजावलं, की भट्टीत भाजतात तेही रोस्टच, आणि एखाद्याला चारचौघांत बसवून त्याच्या सवयींवरून त्याची भरपूर टिंगल करतात, तेही रोस्टच. पण ज्याच्यावर जीव असतो त्याचीच करतात.

"जीव असतो तर भाजतात कशाला?"

"हसायला, बाबा."

"आणि तो नाही हसला तर?"

"त्याने हसायचंच असतं."

हा नियम फौजदारांना फार सोयीचा वाटला, म्हणजे भाजणाऱ्यांच्या सोयीचा. गेल्या वर्षी स्टोअरकीपरला असंच स्टेजवर बसवलं होतं. सगळे पोट धरून हसले, तोही हसला, आणि दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला. मुलीकडे राहायला गेला, असं लोक सांगत. लोकांचं काय, लोक काहीही सांगतात. फौजदारांना सगळा डाव लख्ख दिसला. आधी हसायचं, मग नारळ द्यायचा.

त्या आठवड्यात पाहावं तिकडे पुरावे. ते जवळ गेले की बोलणं थांबायचं. मॅनेजर साहेबांनी जाता जाता "तब्येत काय म्हणते?" असं विचारलं, तेव्हा फौजदारांच्या हातातला झारा तसाच राहिला. सहा महिन्यांत विचारली नाही ती तब्येत आजच बरी आठवली.

समारंभाच्या आदल्या दिवशी ते चहा द्यायला तपासणीच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती, बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या, आणि त्यांचा ड्रॉवर अर्धा उघडा होता. दुसरा कुणी असता तर चहा ठेवून मागे फिरला असता. फौजदारांनी ड्रॉवर पूर्ण ओढला.

आत उद्याच्या विनोदांची यादी होती. ताटांची झडती, खांद्यावरचं फडकं, भट्टीला घातलेल्या शिव्या, सगळं होतं. खाली दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती: 'मिठाचा विषय कुणीही काढायचा नाही. मॅनेजर साहेब समोर असतील, त्यांना पत्ता लागता कामा नये.' यादीशेजारी मिठाची बाटली होती. त्यांनी शेजारच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. तिथेही बाटली. पलीकडच्यात कागदाची पुडी.

फौजदार तिथल्याच स्टुलावर बसले. लोक आपल्यामागे कुजबुजतात हा संशय खरा निघाला होता, पण ती कुजबुज त्यांना वाचवायला होती. त्यांना आधी लाज वाटली, मग राग आला. ज्यांच्यावर आपण रोज पाळत ठेवतो, त्यांच्याच मेहेरबानीवर आपण उभे आहोत, हे त्यांना सोसेना. चहा तिथेच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्टेजवर खुर्चीत बसवलं. काचा घासणाऱ्या एकाने फौजदारांची नक्कल केली आणि बटाट्याची उलटतपासणी घेतली: काल कुठे होतास, पोत्यात आणखी कोण कोण होतं, तुझ्या अंगाला माती कशी लागली? फौजदारांना नको असताना हसू आलं. एकामागून एक सगळे बोलून गेले, आणि मिठाला प्रत्येकाने वळसा घातला. शेवटी उत्तर द्यायला माइक त्यांच्या हातात आला.

"सगळं बोललात," ते म्हणाले. "मिठाचं तेवढं राहिलं."

तपासनीस बाईंनी मान खाली घातली. पहिल्या रांगेतून मॅनेजर साहेबांनी विचारलं, मिठाचं काय? डॉक्टरांनी त्यांचं मीठ कमी केलं होतं, त्यामुळे कॅन्टीनचं अळणी जेवण त्यांना छान मानवलं होतं. अजूनही हसण्यावारी नेता आलं असतं. हॉलमधले डोळे तेच विनवत होते.

"साहेब, मला दोन वर्षं चव कळत नाही. वासही येत नाही. ही माणसं खिशातलं मीठ घालून माझं जेवण गिळतात आणि तुमच्यापासून लपवतात. आता काढायचं तर मला काढा, यांना बोल लावू नका."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी तपासनीस बाईंना विचारलं, की रोज अकरा वाजता दहा मिनिटं मोकळी मिळतील का. बाई म्हणाल्या, मिळतील. मग चाखायला जात जा, असं म्हणून साहेबांनी पुढचा कार्यक्रम सुरू करायला सांगितलं. फौजदारांचा विश्वास बसला नाही. घरी गेल्यावर त्यांनी सुनेला दोनदा विचारलं, की हे काढून टाकण्याआधीचं गोड बोलणं तर नसेल?

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला बाई आल्या. फौजदारांनी सूपचा चमचा पुढे केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर डोळे रोखले. बाई आता भिडेखातर खोटं बोलणार, याची त्यांना खात्रीच होती.

बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, अहो, हे नुसतं पाणी आहे. असं कसं वाढता तुम्ही लोकांना?"

दोन वर्षांत त्यांच्या स्वयंपाकाला कुणी तोंडावर नावं ठेवली नव्हती. फौजदारांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी मिठाचा डबा ओढला आणि विचारलं, "किती घालू?"