सांगाव्याचे दाणे

"खाली हो. पायरीच्या खाली."

बाई रडत होती, आणि रडता रडता हे बोलली.

सांगली. विश्रामबागेतला नवा बंगला. दुपारचे दोन. मिनिटभरापूर्वी मी त्याच बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसलो होतो. अंगात टेरिलीनची पँट, हातात चामडी बॅग. बाईला वाटलं, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणीतरी आलंय. "बसा हं, येतीलच हे," म्हणाली. आणि मी बसलो. पायावर पाय टाकून बसलो. हा माझा पहिला गाढवपणा.

दुसरा बॅगेत होता.

बाई आमच्या गावच्या पाटलांची लेक. तिची आई सकाळी गेली होती, आणि तो सांगावा घेऊन मी आलो होतो. पाटलांच्या घरच्या मयताची खबर लेकीबाळींकडं महारवाड्यातल्या माणसानं पायी न्यायची, ही इस्लामपूरकडच्या आमच्या गावची रीत. आम्ही धर्म बदलला त्याला वीस वर्षं होत आली होती. गुरं ओढणं सुटलं, चावडी झाडणं सुटलं. सांगावा तेवढा चिकटून राहिला. बापाचा खुबा धरलेला, आणि मी साताऱ्याच्या नोकरीतनं सुटीवर आलेला. म्हटलं, जातो मी. पण एस्टीनं जातो, साहेबासारखा जातो. कचेरीचा कोरा कागद होता, त्यावर मजकूर लिहिला : 'विषय – आपल्या मातोश्रींच्या निधनाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की...' खाली झोकदार सही. दारात बोंब मारायची नाही, कागद द्यायचा. केवढी सुधारणा!

बाईनं कागद वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

"तू कुणाचा रं?"

मी बापाचं नाव सांगितलं. खुर्चीतनं कधी उठलो ते कळलं नाही. कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

तेव्हा ती म्हणाली, खाली हो. मी झालो.

ती आत गेली. आत हंबरडा. हंबरड्यातच डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. मग ती सूप घेऊन बाहेर आली. सुपात जोंधळे. सांगावा आणणाऱ्याच्या पदरात दाणे टाकायचे, म्हणजे मरणाची पीडा त्याच्याबरोबर घराबाहेर जाते. तिची आई मेली होती. तरी पीडा कुणाच्या पदरात टाकायची हे ती विसरली नाही.

"घे."

घेऊ कशात? धोतराचा सोगा नाही, उपरणं नाही. ती सूप धरून खोळंबली. आणि मी, मीच, बॅग उघडून पुढं धरली. साताऱ्याच्या बाजारात हौसेनं घेतलेली बॅग. दाणे पडले, आणि माझ्या तोंडातनं शब्द आला, "जोहार." जन्मात कधी उच्चारला नव्हता. आज्याचा शब्द. माझ्या तोंडात कुठं दडून बसला होता कोण जाणे.

ते जोंधळे आईनं दळून आणले. आम्ही खाल्ले. लाज वाटून मी दीडच भाकरी खाल्ली. एवढाच त्या दिवशीचा माझा विद्रोह.

साताऱ्यात मी जुन्या वह्यांच्या नकला करायचो. इंग्रजी अमदानीतल्या वह्या. कुठल्या पेठेत, कुठल्या गावात कोण काय धंदा करतं. पुरुषांचा रकाना वेगळा, बायकांचा वेगळा. पेठेत वकील, सोनार, अत्तरवाले. गावात कुळवाडी, सुतार, तेली. एके दिवशी आमचं गाव निघालं. त्यात आज्याचं नाव. धंदा : सांगावा पोचवणे, मेलेली गुरे ओढणे. आजीचं नाव होतं, पण तिच्या धंद्याचा रकाना कोरा. सरणाच्या गोवऱ्या वाहून वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. ते लिहावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

पट्टी घ्यायला बॅगेत हात घातला, तर शिवणीत अडकलेले चार दाणे निघाले आणि पानावर पडले. आज्याच्या ओळीवर पडले असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. पडले तेल्याच्या ओळीवर. पण मी वाचत होतो आज्याचीच ओळ. त्या ओळीखाली बापाची जागा होती. बापाखाली माझी.

पावसाळा सरता सरता पाटलांचा धाकला मुलगा फटफटीवरनं कचेरीत आला. व्हरांड्यात उभा राहून हळू बोलला. हळू बोलणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते.

"आबांचं काय खरं न्हाई. डाक्टरनं हात टेकलं. रजा टाकून ये."

आबा म्हणजे म्हातारा पाटील. तो अजून जिवंत होता, आणि त्याच्या मरणाचं आवतण मला आलं होतं.

"तार करा की," मी हसून म्हणालो. "लगीच पोचती."

"तारवाल्याच्या पदरात दाणं घालता येत्यात व्हय रं?" तोही हसला. "आपलंच माणूस लागतं गड्या. आन तुझं आईबा गावातच हायती. हीर गावाची, वाट गावाची. इचार कर."

मी रजा टाकली. विचार करायला चाललोय, असं स्वतःला सांगत गेलो.

तार सुचवल्याची बातमी माझ्या आधी पोचली होती. पाटलांच्या सोप्यातली माणसं मला बघून बोलायची थांबली. 'कवा आलास' असं कुणी विचारलं नाही. आत म्हातारा श्वास ओढत होता, तो रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. घरी आलो, तर आई विहिरीवरनं रिकामी घागर घेऊन आलेली.

"रहाट काढून ठिवलाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना तो श्वास थांबला. बायकांचा आकांत उठला. माझ्या बापानं पटका बांधला, काठी घेतली.

"बाबा, कुठं?"

"खुबा चालंल तितकं चालायचं. तुला न्हाई जमायचं लेका. तू कागुद देतूस."

बोलणं खरं होतं. मी उठलो आणि उंबऱ्यात जाऊन बसलो.

"मला वलांडून जावं लागंल, बाबा."

बाप काठी धरून उभाच राहिला.

फटफटी आली. धाकला आमच्या पायरीखाली, मी उंबऱ्यात.

"कोण निघालंय?"

"कोण न्हाई."

"मयत खोळंबलंय रं."

"तुमच्याकडं फटफटी हाय. भन तुमची हाय. तुमीच जावा."

"आन दाणं?"

"तुमच्याच पदरात घेवा."

आमच्याच आळीतली दारं एकेक करून लागली. उभा असतो तर पडलो असतो. बसलो होतो म्हणून शूर दिसलो.

"बगतो," तो म्हणाला. हळूच.

आमच्या आळीतनं बाहेर पडलं की सांगलीची वाट उजवीकडं, चावडी डावीकडं. आम्ही तिघं कान देऊन ऐकत होतो. फटफटी डावीकडं वळली.

आईनं उरलंसुरलं पाणी एका घागरीत केलं. बाप काठी हातात धरूनच माझ्या शेजारी टेकला. मी बॅगेतनं कचेरीचा कागद काढला आणि आमच्या पाहुण्यांचे पत्ते लिहिले. तिघांतलं कुणी पडलं तर तार करायला. या वेळी विषय लिहिला नाही. सही मात्र केली.

चावडीकडनं माणसांचा गलका जवळ यायला लागला. कागद घडी करून आईच्या हातात दिला आणि उंबऱ्यात बसून राहिलो.

आमच्या मढ्याची तार जाईल. या घरातनं सांगावा जाणार नाही.