बसवराजची दोन मिनिटं

चिठ्ठ्या वाचायची माझ्या जिभेला सवय आहे. गेली तीस वर्षं कळंब आणि आसपासच्या गावांत लग्न असो, निरोप समारंभ असो, नाहीतर कुणाचा सत्कार असो, माईक माझ्याच हातात असतो. आणि मांडवातून सारख्या चिठ्ठ्या येत राहतात... अमक्या गावचे सरपंच आलेत, नाव घ्या. तमक्यांचे मेव्हणे रुसलेत, आधी त्यांचं घ्या. मी चिठ्ठी उलगडायची आणि डोळ्यांच्या आधी तोंडानं वाचायला लागायचं. त्या रविवारी तेरला एका लग्नात दुपारच्या अक्षतांची गडबड चालली होती. साउंडवाल्यानं एक चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "आत्ताच आपल्यामध्ये उपस्थित झालेले..." इथवर मी बोललोसुद्धा. मग नजर खाली गेली. लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बसवराज गेला. खाली या.' मांडव माझ्याकडं बघत होता. मी कुठल्यातरी न आलेल्या पाहुण्याचं मनःपूर्वक स्वागत केलं आणि खाली उतरलो.

बसवराज म्हणजे आमच्या बाजारपेठेतल्या विश्वनाथअप्पा आडतवाल्यांचा धाकटा मुलगा. वय चौतीस. मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती होतात ना, उंचवट्यावरून गाडी हवेत उडते आणि धुरळ्यात खाली येते, त्या शर्यती तो पळायचा. त्या दिवशी घाटाखाली एका मैदानावर शर्यत होती. आमची चाहतेमंडळी पहाटेच दोन जीप भरून गेली होती. मी मात्र लग्न घेऊन बसलो होतो. तीन फेऱ्या राहिल्या होत्या म्हणे. उडी घेतली, उतरताना पुढचं चाक वाकडं पडलं, आणि मागून येणाऱ्याला आवरायला जागाच राहिली नाही. चूक कुणाची नव्हती. मैदानावर तरी कुणाची नव्हती.

सहावी-सातवीला तो माझ्या वर्गात होता. मी मराठी शिकवायचो. पोरगा गुणी, पण बोलायच्या नावानं शंख! वक्तृत्व स्पर्धेला मी त्याला हट्टानं उभा केला. "अध्यक्ष महाशय" म्हणाला आणि जे थांबला ते थांबलाच. कानाच्या पाळ्या लाल, हाताला घाम. मी खालून शब्द पुरवायला लागलो. एक शब्द, दोन शब्द... शेवटी त्याचं सगळं भाषण मी खाली बसूनच पूर्ण केलं. पोरं हसली, तोही हसला. बसूचं भाषण सरांनी करायचं, हे त्या दिवसापासून जणू ठरूनच गेलं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट कौतुकच वाटायचं, माझं मलाच.

गाडी मात्र त्याला कुणी शिकवावी लागली नाही. अप्पांच्या दुकानाचा माल बघायला तो खेडोपाडी फिरायचा. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात बैल रुततात, तिथून हा पठ्ठ्या मागं ज्वारीचं पोतं बांधून मोटारसायकल बाहेर काढायचा. पुढं एका जत्रेतल्या शर्यतीत हौस म्हणून उतरला आणि पुण्याकडच्या पोरांना मागं टाकून आला. झालं! कळंबला आपला माणूस सापडला. अहो, आमच्या गावाचं नाव एरवी बातम्यांत येतं ते दुष्काळाला, नाहीतर एसटीच्या अपघाताला. आता पोरं हेल्मेटवर 'कळंब' लिहायला लागली. फ्लेक्सचं दुकान चालवणारा मुन्ना शेख चाहत्यांचा म्होरक्या झाला. शर्यतीच्या आदल्या दिवशी येरमाळ्याला येडाई देवीपुढं नारळ फोडायचा, त्यातलं अर्धं खोबरं मुन्ना बसूच्या तोंडात कोंबायचा आणि मगच घास घ्यायचा. मी आमच्या नदीवरून त्याला माईकवर नाव दिलं, 'मांजरा एक्सप्रेस'. नाव गावभर झालं. बसूला ते अजिबात आवडायचं नाही. "सर, मांजरा उन्हाळ्यात कोरडी पडती की," एवढंच म्हणायचा.

आता मी त्या सत्काराबद्दल सांगतो. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आणि तेच टाळत मी इथवर आलो. मागच्या वर्षी खांद्याचं हाड मोडलेलं असतानाही तो एका मोठ्या स्पर्धेत दुसरा आला. मार्केट यार्डात मांडव पडला, शाल, श्रीफळ, फेटा, सगळं साग्रसंगीत. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बसू माझ्या घरी आला. चप्पल काढून दारातच उभा राहिला. "सर, आज शेवटाला मला दोन मिनिटं द्या. थोडं बोलायचंय." मी चकितच झालो. म्हटलं, "अरे, दोन काय, दहा घे!" तर म्हणाला, "न्हाय सर, दोनच बास." काय बोलणार आहेस, हे मी विचारलं नाही. आभार मानेल बिचारा, आणखी काय, असं धरून चाललो. माझी बायको आतून म्हणाली, "अहो, त्याला बसवा तरी." तोवर मी हाराची चौकशी करायला फोन लावला होता.

दुपारी मांडव गच्च भरला. मुन्नानं फटाक्यांची माळ लावली. त्या आवाजानं, गर्दीनं मला चढतं, हे कबूल करायला पाहिजे. बायको म्हणते ते खरं, उचलली जीभ, लावली टाळ्याला. बसूच्या डोक्यावर फेटा बांधून झाला आणि मी माईकवर सुटलो, "यंदा दुसरा! पण तमाम कळंबकरांच्या वतीनं मी आज शब्द देतो, पुढच्या वर्षी पहिला नंबर कळंबचाच! बसवराज, उठा, या जनतेला शब्द द्या!" शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या... बसू उठला. त्यानं हात जोडले. हात जोडताना त्याचा डावा खांदा वर गेला नाही, हे मी बघितलं होतं. बघितलं होतं, हे लिहून ठेवतो. मग मी त्याला माईक दिला. तो किती वेळ तो माईक नुसता धरून उभा होता. मग हसला आणि म्हणाला, "सरांनी शब्द दिलाय, आता माझं काय राहिलं?" मांडव पुन्हा दणाणला. मला वाटलं, व्वा, पोरगं बोलायला शिकलं!

आमच्या भागात हे असं आहे. फेटा बांधून घेतलेला माणूस चारचौघांत 'नाही' म्हणत नाही. कुणी शिकवत नाही हे, पण लहानथोर सगळे पाळतात. आणि म्हणूनच फेटा बांधायच्या आधी माणसाला विचारायचं असतं, तेही सगळ्यांना माहीत असतं. सूत्रसंचालकाला तर पहिल्यांदा.

दिवाळीत तो एकदा घरी आला होता. अर्धा-पाऊण तास बसला. शंकरपाळ्याचा एकच तुकडा हातात फिरवत राहिला. मी बोलत होतो... नव्या ट्रॅकबद्दल, पुढच्या सत्कारात कुणाला बोलवायचं त्याबद्दल. "येतो सर" म्हणून गेला. जाताना दारात थोडा थांबला असेल, नसेल. मला आठवत नाही, आणि हेच मला फार लागतं. इतकं बोललो की त्याचं काही आठवायला जागाच ठेवली नाही.

लिंगायत समाजात माणसाला शेवटी बसवून नेतात. बसू असा कपाळभर विभूती लावून बसलेला, आणि बाजारपेठ बंद. मुन्नानं त्याचं हेल्मेट आणलं होतं. म्हणाला, हे त्याच्यासोबत समाधीत ठेवू. पोरं रडत होती, सगळ्यांना ते पटलं. तेवढ्यात बसूची बायको महानंदा पुढं आली आणि म्हणाली, "ते न्हाय ठेवायचं." मुन्ना गयावया करायला लागला, "वहिनी, भाऊंचा जीव होता त्याच्यात." ती परत तेवढंच म्हणाली, "ते न्हाय ठेवायचं." पोरांना राग आला. खरं सांगतो, मलाही आला. दुःखात माणूस कसं वागेल सांगता येत नाही, अशी मीच लोकांची समजूत घातली. मोठा शहाणा!

महिनाभरानं मुन्नानं डोक्यात घेतलं, बसवराज स्मृती चषक, मोटारसायकल शर्यत, इथंच कळंबला. फ्लेक्ससुद्धा छापून टाकला आणि मग वहिनींना विचारायला निघाला. मला बरोबर घेतलं, कारण बोलायला मी! महानंदानं पाणी दिलं, फ्लेक्स उलगडून नीट बघितला, गुंडाळून मुन्नाच्या हातात परत दिला. म्हणाली, "मुन्नाभाऊ, तुमी जरा दुकानात अप्पांपाशी बसा. मला सरांशी बोलायचंय."

"सर, त्यांनी तुमाला दोन मिनिटं मागितली होती न्हवं?"

"व्हय."

"कशाला, ते इचारलं का तुमी?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती खाली बघत बोलत होती, आवाज चढवला नाही तिनं. "सोडतो म्हणून सांगणार होते. आठ दिवस ह्याच खोलीत पाठ करायले होते. मी गहू निवडत बसायची आन् ते भिताडापाशी उभं राहून म्हणायचे... मित्रहो, तुमी लई प्रेम दिलं. आता खांदा साथ देत न्हाय, आन् खरं सांगायचं तर मला भ्या वाटायलंय. मला लेकीपाशी ऱ्हायचंय. मला मोकळं करा. एवढंच. चार वाक्यं पाठ व्हायला आठ दिवस लागले त्यांना." मग तिनं वर बघितलं. "घरी आले तवा मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, सरांनी माझ्या वतीनं शब्द दिला. आता सरांचा शब्द खाली कसा पाडू?"

"ताई, मला माहीत नव्हतं गं," मी म्हणालो. तीस वर्षं माईकवर बोललेला माणूस, आणि तोंडातून निघालं काय तर हे.

"म्हाईत न्हवतं, खरंय," ती म्हणाली. "तुमच्यावर राग धरून मी काय करू? पण त्यांच्या नावानं गाड्या पळवू नका. एवढं तुमच्या पोरांना सांगा. तुमचं ऐकत्यात ती."

शिक्षाच होती ती, आणि तिनं ती शिक्षा म्हणून दिलीही नव्हती. पोरांना शर्यत नको म्हणायचं तर का, तेही सांगणं आलं. दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. वहिनींची इच्छा नाही, एवढं बोलून सुटता आलं असतं. पण मग पोरांनी तिलाच नावं ठेवली असती, हेल्मेटच्या वेळी ठेवली तशी. तिसऱ्या दिवशी मुन्नाच्या दुकानात सगळ्यांना बोलावलं. माईक नव्हता. पंचवीसएक पोरं उभी होती. मी सगळं सांगितलं... सकाळचं दारातलं, फेट्याचं, भिंतीपाशी पाठ केलेल्या त्या चार वाक्यांचं. 'मला भ्या वाटायलंय' हे त्याच्याच शब्दांत सांगितलं. मग मुन्ना म्हणाला, "सर, टाळ्या तर आमीच वाजवल्या की." कुणीतरी मागून म्हणालं, "टाळ्या आपण वाजवल्या, पण शब्द सरांनी दिला." तो कोण, हे मी वळून बघितलं नाही. बरोबरच होतं त्याचं. फ्लेक्स मुन्नानं तिथंच कात्रीनं कापला. त्या पोरांतली दोघं अजून मला रस्त्यात दिसली की दुसरीकडं बघतात. काहींनी हेल्मेटवरचं गावाचं नाव खरवडून काढलं. मुन्ना दर सोमवारी अप्पांच्या दुकानात पोती उतरवून द्यायला जातो, आणि शर्यतीचा शब्द काढत नाही.

मी माईक बंद केला होता. पण गेल्या आठवड्यात जवळच्या एका गावातले लोक ऐकेचनात. तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टर निवृत्त होत होत्या. सात वक्ते, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर, असा सगळा कार्यक्रम छापलेला. मी मांडवात न जाता आधी सिस्टरांकडं गेलो. त्या बाजूच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या. विचारलं, "सिस्टर, तुम्हाला आज काय बोलायचंय?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मला? काही न्हाय हो सर. सकाळपासून उभी हाय, पाय सुजलेत. खरं सांगू? मला घरी जायचंय."

मी माईकवर गेलो आणि म्हणालो, "सिस्टरांना घरी जायचंय. शाल आत्ताच देऊ आणि त्यांना जाऊ देऊ. भाषणं आपण मागून आपली आपल्याला करू." लोक आधी हसले, मग उठून उभे राहिले. संयोजक माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मी सिस्टरांची पिशवी घेतली, त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. त्या बसल्या, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "लई बरं केलंत सर." रिक्षा गेली. मांडवातून माझ्या नावाचा पुकारा चालू होता, आणि मी रस्त्यात उभा राहून रडत होतो. बसू, एवढंच तर करायचं होतं रे मला...