एका नावाचे चौघे

लढाई चालू होती आणि माझा नवरा पलटणीत होता. साताऱ्याच्या कॅम्पातून त्याची तुकडी उद्या निघणार, पुढे बोटीवर जाणार, असा सांगावा आला. मुलगी चार महिन्यांची होती आणि त्यानं तिला अजून पाहिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी दावूनच आणू." दुसऱ्या दिवशी पहाटेच वडूजहून सर्व्हिस मोटारीनं आम्ही दोघी निघालो.

फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"माझ्या थोरल्याला," सासूबाई म्हणाल्या.

"मावशे, हितं समदी कुणाची ना कुणाची थोरलीच हाईत. नाव सांग."

नाव घेणार कोण? माझा तो नवरा, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता. आईला मुलाचं नाव घ्यायला बंदी नसते, पण हे नाव सासूबाईंच्या सासऱ्याचं होतं. नातवाला आजोबांचं ठेवलेलं. म्हणून घरात त्या त्याला कायम थोरला म्हणायच्या.

शिपाई कुंडलकडचा होता, त्याला रीत ठाऊक होती. तो एकेक नाव घेत गेला आणि मी नाही नाही करत गेले. शेवटी एकदाची मान होकारार्थी हलवली.

"आवं, ह्या नावाचं तर लय हाईत!" तो म्हणाला. आडनाव सांगितलं. तेही आमच्या भागात घरटी एक. त्यानं आत हाक दिली आणि चौघे आले.

पहिला कान मोडलेला पैलवान. कॅम्पात त्याची पाठ कुणी लावली नव्हती म्हणे. दुसरा भटारखान्यातला, त्याच्या हातचं मटण साहेब मागून खायचे. तिसरा बँडवाला. चौथा मोटार हाकायचा, आणि खंबाटकीचा घाट हा डोळे मिटून उतरतो, असं बाकीचे सांगत होते.

पैलवानानं मुलीकडे वाकून बघितलं. "आमची न्हाई."

"माझं तर अजून लगीनबी न्हाई," बँडवाला म्हणाला.

मला रडू यायला हवं होतं, पण मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नाव एक, आणि चेहऱ्यात, चालण्यात, कामात कशाचाच मेळ नाही. बँडवाला सोडला तर यांच्याही बायका कुठं तरी हेच नाव गिळून बसल्या असतील. त्या घरात नवऱ्याला काय म्हणत असतील, ते विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

मोटारवाला म्हणाला, "वयनी, त्यो खेचरांवरचा असंल. सकाळीच खेचरं घिऊन टेसनावर गेला. मी रेशन घिऊन निघालोच हाय. बसा मागं."

आम्ही पिठाच्या पोत्यांवर बसलो. स्टेशनात खेचरं डब्यात चढवणं चाललं होतं आणि माझा नवरा एकाला मागून रेटत होता. मी सरळ जाऊन पुढ्यात उभी राहिले. त्यानं पँटीला हात पुसले आणि मुलगी घेतली. खेचराच्या वासानं तिनं भोकाड पसरलं.

"रंग माझा न्हाई घेतला," तो म्हणाला.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या.

शिट्टी झाली तशी मी तिला परत घेतलं. गाडी हलली तरी तो डब्याच्या दारातून तिच्याकडेच बघत होता. माझ्याकडे नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. दाखवायला तिलाच नेलं होतं.