फळं हायत का जागेवर?

अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील, माफ करा. चौथीनंतर माझ्या हातात लेखणी नाही, सुई-दोराच आला.

“हार घालायचा का?” फ्रेमवाले मामा येईल त्याला हेच विचारायचे. घालायचा असला तर फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांत ते बारीक खिळे ठोकत. एकदा लग्नाचा फोटो घेऊन आलेल्या नवरदेवालाही विचारलं. तो भडकला. मामा म्हणाले, “आत्ताच न्हाई वो! जवा लागंल तवा.” नवरी तोंडाला पदर लावून हसली.

यवतच्या पेठेत त्यांचं दुकान आणि समोर माझी हारांची टोपली. तुमच्याही गावात अशी जोडी असेल बघा. फ्रेम तिथून, हार इथून.

माझी सहा वर्षांची लेक शाळा सुटली की त्यांच्याकडे पळायची. तिथं एक छापील चित्र होतं. तिरकं टेबल, निळा तांब्या, चार पिवळी फळं. देव नाही, माणूस नाही, म्हणून कुणी घेत नव्हतं. लेक त्याच्याखाली ओंजळ धरायची. “मामा, पडत्याल की फळं!”

“मग धर घट्ट,” मामा म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात ती तापाने गेली. महिन्याने मी तिचा फोटो घेऊन दुकानात गेले. मामांनी तो हातात घेतला, तोंड उघडलं आणि विचारलंच नाही. मी आजवर लोकांच्या माणसांचे हार ओवले. तिचा मला ओवता येईना. मी फोटो परत घेतला.

“मामा, मला ते चित्र द्या.”

नऊशेचं होतं. “जमंल तसं द्या,” म्हणाले. सवयीने त्यालाही खिळे ठोकलेले होते. ते त्यांनी पक्कडीने उपटले आणि भोकं मेणाने बुजवली.

दर बाजाराला मी दहा रुपये द्यायचे. न बघता गल्ल्यात टाकून ते विचारायचे, “फळं हायत का जागेवर?”

“हायत, मामा.”

मी रडेन म्हणून घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. तिच्याविषयी बोलणं ते एवढंच. हातात जास्त असले तरी मी दहाच द्यायचे.

यंदा होळीनंतर मामा गेले. स्वतःची फ्रेम ते करून ठेवून गेले होते, खिळ्यांसकट. हार मी ओवला.

मामींनी दुकान विकायला काढलं, तेव्हा मी राहिलेले दीडशे घेऊन गेले. त्यांनी मोजले. “फिटलं गं सगळं,” म्हणाल्या.

मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. त्यांनी फळांचं काही विचारलं नाही.