शिवेवर चालायचं राहिलं

मंगळवारी सकाळी माझे पती वारले. चहा गॅसवर होता.

त्यांचं पुस्तक शेवटच्या प्रकरणावर अडलं होतं. सुलतानांच्या काळात पनवेलच्या आसपासचा मुलूख राज्याच्या कडेला होता, खाडीपलीकडे पोर्तुगीज. अशा कडेवर राज्य चालायचं कसं, एवढाच त्यांचा प्रश्न. राजधानीचा हात इथवर फारसा पोचत नसे, असं ते म्हणत. राजधानीने नेमलेला ठाण्यावरचा हवालदार बदले, कधी सुलतानच बदले. वतनदार देशमुख मात्र तोच राही. दोन गावांत शिवेचा तंटा झाला, की एखादा जाणता म्हातारा डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालू लागे. तो चालेल ती शीव. खोटा चालला तर त्याच्या घरावर अरिष्ट येतं, अशी समजूत. सरकारही ते चालणं मानी.

ओवे गावाच्या बाजूची अशी एक तरी शीव त्यांना कुणा जाणत्याबरोबर चालून पाहायची होती. पण माणूस कागदांतला. "आधी मोडी संपू दे. डोंगर कुठे पळतोय?" म्हणायचे. मोडी वाचण्यात वर्षं गेली.

ते गेल्यावर वर्षभराने मीच गेले. रिक्षा टॉवरांमधून गावात शिरली. ओटीवर बसलेल्या एका आजोबांना, पतींच्या पुस्तकासाठी म्हणून, शीव विचारली.

ते हसले. "बाय, डोंगरच फोडून नेला, शीव कंची दावू? त्या टावरच्या गेटावर जा. तितला वॉचमन सांगल आमची हद्द."

आतून सून ओरडली, "बाबा, गप बसा ना! बाई लांबून आल्यान."

"मंग खोटं सांगू? माज्या भावाला ठावं होतं. तो आता नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायेब नाय आलं?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

घरी येऊन मी ते प्रकरण लिहायला घेतलं. कागदांतलं सगळं मला माहीत होतं, त्यांनीच वाचून दाखवलेलं. चालण्यापाशी आले की हात थांबे. न पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहिणं त्यांना चाललं नसतं. प्रकाशकांनी काही दिवस विचारलं, मग विचारणं सोडलं.

शेवटच्या प्रकरणाचा मथळा आहे. त्याखाली काही नाही.