बाबांचे चार दुष्काळ

"सोपं की अवघड?" असा प्रश्न आमच्या गेमच्या सुरुवातीला यायचा. तो मीच घातला होता आणि मीच काढून टाकला, कारण पुण्यात कोणी ‘सोपं’ दाबेना.

हडपसरला एका आयटी पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर आमची बारा जणांची कंपनी होती. आजूबाजूला परदेशी बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणारी हजारो माणसं गळ्यात कार्डं अडकवून जा-ये करायची. आम्ही गेम बनवतो म्हटलं की लिफ्टमधले लोक विचारायचे, "ते कळलं, पण काम काय करता?" आमचा गेम सँडबॉक्स प्रकारातला होता. म्हणजे त्याला गोष्ट नाही, शेवट नाही. एक ओसाड खोरं तुमच्या ताब्यात द्यायचं. मग तुम्ही घरं बांधा, बांध घाला, शेळ्या पाळा, नाहीतर टेकडीवर नुसते बसून राहा. मात्र अधूनमधून दुष्काळ पडायचा, तळं आटायचं आणि बिबट्या वस्तीत उतरायचा. दुष्काळ किती कडक असावा आणि बिबट्या किती भुकेला, हे ठरवणं माझं काम.

खेळणारे दोन जातींचे असतात. एक, चहा पितापिता अर्धा तास बाग फुलवायला आलेले. वस्ती दोनदा उजाड झाली की ते कायमचे उठून जातात. दुसरे हट्टी. बिबट्याने वीसदा फाडून खाल्लं नाही तर त्यांना आपला अपमान झाल्यासारखा वाटतो. एकाला रुचलं की दुसऱ्याच्या कपाळावर आठी. म्हणून आधी विचारून घ्यावं, सोपं हवं की अवघड, असा माझा साधा हिशेब होता.

आमच्याकडे शुक्रवारची एक पद्धत होती. ऑफिसातल्या प्रत्येकाने आळीपाळीने घरचं किंवा शेजारचं, कधी गेम न खेळलेलं एक माणूस आणायचं आणि त्याला संगणकापुढे बसवायचं. खेळणाऱ्याच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, काही सांगायचं नाही, चुकला तरी हूं की चूं करायचं नाही. नियम माझाच होता आणि तो मोडला म्हणून मी एकदा बॉसलाही सगळ्यांसमोर झापलं होतं. तर या शुक्रवारांत माझ्या मावशीने ‘सोपं’ दाबलं नाही, बॉसच्या सासऱ्यांनी दाबलं नाही, आमच्या मजल्यावरच्या सफाईच्या बाईंनीही दाबलं नाही. सगळ्यांनी ताठ मानेने ‘अवघड’ दाबलं, दहा मिनिटांत बिबट्याच्या तोंडी गेले आणि उठताना मलाच ऐकवलं, "अहो, तुमच्या गेममध्ये काहीतरी बिघाड आहे. एकदा तपासून घ्या." आपल्याला सोपंच झेपेल, हे मी त्यांना चारचौघांत कबूल करायला लावत होते. चूक माझी होती, पण तेव्हा मला राग त्यांचाच आला. मला राग पटकन येतो.

एका शुक्रवारी मी बाबांना नेलं. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. आमचं घर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, घरात आम्ही दोघंच. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून बाबा दिवसाला पाचसहा वाक्यं बोलायचे आणि त्यातली दोन दूधवाल्याशी असायची. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरलं की ते घर मला खायला उठायचं.

बाबांनीही अर्थातच ‘अवघड’ दाबलं. पहिल्याच दुष्काळात सगळ्या शेळ्या मेल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुन्हा लाव." घरी येताना रिक्षात ते सबंध रस्ता बांधाच्या उतारावर बोलत होते. स्वारगेट कधी आलं मला कळलंही नाही. मला इतका आनंद झाला होता की दुसऱ्याच दिवशी मी घरच्या संगणकावर गेम बसवून दिला.

पुढच्या चार दिवसांत त्यांची वस्ती आणखी तीनदा उजाड झाली. पाचव्या दिवशी ते संगणकाकडे फिरकले नाहीत. सकाळचा पेपर दोनदा वाचून काढला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मी ऑफिसात गेले आणि कोणाला न विचारता एक छोटा तुकडा लिहिला. लागोपाठ तीनदा वस्ती बुडाली की तिथून पुढे ज्या दुष्काळात ती बुडायला येईल त्यात तळं जरा सावकाश आटणार, बिबट्याची भूक जरा कमी होणार आणि खेळणाऱ्याला यातलं काहीही कळणार नाही. त्या तुकड्याला मी नाव दिलं ‘ग्रेस’. बाबा वर्षानुवर्षं बोर्डाचे पेपर तपासायचे आणि ग्रेस मार्कांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. चौतीस म्हणजे चौतीस, असं म्हणायचे. नववीच्या सहामाहीत त्यांनी मला, पोटच्या मुलीला, चौतीसवर नापास केलं होतं. तो राग मी अजून सोडलेला नव्हता. नाव देताना मला त्यात थोडी मजाही वाटली.

त्याच संध्याकाळी ती घरच्या गेममध्येही घातली आणि एकदाच बघा म्हणून बाबांना बसवलं. ग्रेस लागू पडली. शुक्रवारची माणसं आता तासतासभर उठेनात. सोपं की अवघड हा प्रश्नच मी काढून टाकला. बॉस खूश झाला. आणि घरी बाबांनी एकामागून एक चार दुष्काळ काढले. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर ते तळ्याचं घनफळ काढत बसायचे. मंडईत भाजी घेताना भेटलेल्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी रस्त्यातच खोऱ्याचा नकाशा समजावून सांगितला. आमटीत मीठ कमी आहे, असं मला पुन्हा ऐकवायला लागले. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "चौथ्या दुष्काळात बाकीच्यांचं काय होतं गं?"

"बहुतेकांची वस्ती उठते," मी म्हणाले.

"साहजिक आहे. पाण्याचं गणितच कोणी करत नाही."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले. त्यांचं खोरं आणि खेळाची नोंद रोज सकाळी ऑफिसच्या संगणकावर यायची. चारही दुष्काळांत ग्रेस चालली होती. ती नसती तर एकाही वर्षी वस्ती टिकली नसती.

मग आमच्या ऑफिसातल्या टेस्टर मुलीने ते पकडलं. ती अमरावतीची, पंचविशीतली, गेम मोडून दाखवणं हेच तिचं काम, आणि हट्टी जातीतली तिच्याइतकी हट्टी मी दुसरी पाहिली नाही. तिने मुद्दाम तीनदा वस्ती बुडवली आणि चौथ्यांदा वस्तीचं कुंपण काढून शांत बसून राहिली. बिबट्या आला, दोन शेळ्या घेऊन निघून गेला. ती तरातरा माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, बिबट्याचं पोट काहून भरलं आज?"

मी सांगितलं. सांगताना उगाचच आवाज चढवला.

"म्हणजे मागच्या महिन्यात मी सहा दुष्काळ काढले, ते मी काढले का तुम्ही?" तिचे डोळे भरून आले होते, रागाने. "मी जिंकली का नाही जिंकली, हे मला कसं कळणार आता? सांगा न मॅडम."

मी चटकन नोंदी काढून दाखवल्या. सहापैकी पाच दुष्काळ तिने स्वतः काढले होते, एकात ग्रेस होती. तिने त्या एकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली की आता पाचांचीही मजा गेली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, कारण ती बरोबर होती. मदत लपवून केली की हरणाऱ्याची लाज झाकते खरी, पण जिंकणाऱ्याच्या हातातलं काढून घेतलं जातं. आणि हरणाराही स्वतःला जिंकणाराच समजत असतो.

पंधरा दिवसांनी गेम विकत घेऊ पाहणाऱ्या परदेशी कंपनीची दोन माणसं येणार होती. एकच गेम दोन्ही जातींना कसा पुरतो, हेच त्यांना बघायचं होतं. बॉसने दोघींचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "ग्रेस राहू दे. पण लपवायची नाही. ज्याला नको त्याला बंद करता आली पाहिजे." म्हणून मी प्रत्येक दुष्काळी वर्षाच्या नोंदीपुढे एक छोटी पणती काढली. ग्रेस चालली असेल तर ती पेटलेली दिसायची आणि तिच्यावर टिचकी मारली की अक्षरं यायची, ‘या वर्षी खेळाने मदत केली.’ जुन्या वर्षांनाही ती लागू झाली. टेस्टर मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. माझ्या कामाचा मला इतका अभिमान क्वचित वाटला असेल.

त्याच दुपारी मी घरच्या संगणकासाठी वेगळी आवृत्ती केली. तिच्यात पणती नव्हती. सगळ्या जगाला खरं सांगायचं आणि बाबांना तेवढं नाही, हे मला कळत होतं. पण ते परत खिडकीपाशी जाऊन बसतील, या भीतीपुढे माझं काही चालेना. त्यांना झेपणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

पाहुणे शुक्रवारी आले. बॉसने परस्पर बाबांना फोन करून बोलावून घेतलं होतं. एरवी कधी गेम न खेळलेला, पण सगळ्यात जास्त दिवस टिकलेला आमचा खेळाडू म्हणून. मला कळलं तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. मी मनाची समजूत घातली की ते नवं खोरं सुरू करतील, नव्यात काय दिसायचंय. मी पाहुण्यांशी बोलत असताना बॉसने मोठ्या कौतुकाने बाबांचं स्वतःचं खोरं ऑफिसच्या संगणकावर उघडून ठेवलं. एका टेबलावर टेस्टर मुलगी, दुसऱ्यावर बाबा, आणि आम्ही सगळे काचेपलीकडे.

बाबांच्या पडद्यावर डावीकडे चार दुष्काळी वर्षं होती. चारही पणत्या पेटलेल्या.

मी दाराकडे निघाले. बॉसने हात आडवा धरला आणि हळूच म्हणाला, "नियम तुझाच आहे." पाहुणे बघत होते. मी थांबले. आजही मला वाटतं, ढकलून आत जायला हवं होतं.

बाबांनी पहिल्या पणतीवर टिचकी मारली. वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं. मग दुसरी, तिसरी. चौथीवर त्यांचा हात जरा थांबला, पण तीही त्यांनी उघडली.  नंतर त्यांनी ती मदत बंद करायची कळ शोधली, बंद केली आणि पाचवा दुष्काळ सुरू केला. वीस मिनिटांत वस्ती उठली. ते ताठ बसून शेवटची शेळी मरेपर्यंत बघत राहिले. पाहुण्यांनी कसा वाटला म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की गेम फार समजूतदार आहे, अगदी घरच्या माणसासारखा. पाहुणे खूश होऊन हसले. तो टोमणा होता, हे त्या खोलीत फक्त मला कळलं.

हडपसरच्या गाडीतळावर रिक्षा मिळाली.  

"घरच्या संगणकावर या पणत्या नाहीत," फातिमानगरपाशी बाबा म्हणाले.

"मी काढल्या होत्या."

"का?"

"तुम्ही पुन्हा बोलायचं थांबवलं असतं, बाबा. मला ते सहन झालं नसतं."

त्यांनी मान हलवली. चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले असते तर मीही चिडले असते आणि आमचं नेहमीसारखं भांडण होऊन मिटलं असतं. ते समोर, रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होते. पुलगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"तुझ्या आईचे रिपोर्ट तूच आणायचीस," ते म्हणाले. "मला तूच वाचून दाखवायचीस. साधी गाठ आहे, औषधाने विरघळेल, म्हणायचीस."

 मला खोटं बोलता आलं असतं. मी ते दीड वर्षं, त्याआधीही, सहज बोलले होते.

"साधी नव्हती," मी म्हणाले. "डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"किती आधी?"

"सात महिने."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि रिक्षा पुढे निघाली.

"आणि तिला?"

"तिला माहीत होतं. तुम्हाला सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. तुम्हाला झेपणार नाही म्हणून."

 बाबांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी तिला रोज सकाळी फिरायला उठवायचो," ते म्हणाले. "आळशी म्हणायचो. रोज. आणि ती उठायची."