तिसरं कुत्रं तुमच्यासाठी ठेवलं आहे

कॉलनीतल्या लोकांनो, या फळ्यावर मी रोज सुविचार लिहितो. आज हे वाचा.

सकाळी गल्लीतली तीन कुत्री मेलेली सापडली. आपल्यापैकीच कोणीतरी कणकेत विष कालवून पोळ्या टाकल्या होत्या.

पलीकडच्या बौद्ध वस्तीतला वामन सायकलनं गिरणीवर चालला होता. आपल्या चिटणीसांनी नेमकं त्यालेच थांबवलं. "हे ओढून टाक गा."

"काहून? मेलेली ढोरं ओढणं माझ्या बापानं छप्पन सालीच सोडलं. मारलं तुम्ही, उचला बी तुम्हीच," असं म्हणून तो निघून गेला.

दोन कुत्री मी पुरली. तिसरं चिटणीसांच्या फाटकापाशी पडून आहे. फावडं तिथंच ठेवलं आहे.

मेलेल्या कुत्र्याले हात लावला तर तुम्हाले विटाळ होते. विषाची कणीक मळताना त्याच हातांले काही झालं नाही काय?